सांबऱ्याचं विमान आणि माझ्या गल्ल्यावरची वही

सांबऱ्याची, म्हणजे आमच्या बेळगावच्या विमानतळावरची, एखादी विमानफेरी बंद झाली की गावात पुढं काय होणार ते ठरलेलं असतं. दोन दिवस व्हॉट्सअॅपवर आरडाओरडा, मग शिष्टमंडळ, मग पेपरात फोटो. फोटोत निवेदनाचं एक टोक लोकप्रतिनिधींच्या हातात आणि दुसरं टोक धरायला जमेल तेवढे हात. मागच्या रांगेतले टाचा उंचावून उभे. मी तो फोटो नेहमी नीट बघते, कारण त्यातले बरेच चेहरे माझी गिऱ्हाइकं असतात. आणि त्यातल्या कितीतरी जणांना गोव्याहून, हुबळीहून तिकीट मीच काढून दिलेलं असतं.

टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटाजवळ माझं बुकिंगचं दुकान आहे. सुरुवात मुंबई-पुण्याच्या रातराणी बसपासून झाली, मग रेल्वे, मग विमान. आता मोबाइलवर जो तो स्वतःच तिकीट काढतो, तरी ज्यांना कॅन्सलेशनची भीती वाटते, ज्यांच्याबरोबर म्हातारं माणूस आहे, ज्यांना दहा जणांचं एकत्र तिकीट हवं, ते अजून पायरी चढतात. दुकानात मला सगळे अक्का म्हणतात, माझ्याहून मोठे असले तरी.

गल्ल्यावर माझी एक लांबडी वही असते. हिशेबाची नव्हे, चौकशीची. कोण काय विचारून गेलं ते त्यात. नाव लिहीत नाही. गाव लिहिते, कुठं जायचं होतं, कुठल्या वारी, आणि शेवटच्या रकान्यात शेवटी कुठून गेला. ही सवय बसच्या काळातली. तेव्हा कुठल्या गाडीला जास्त मागणी आहे ते बसवाल्याला सांगितलं की तो सणासुदीला जादा गाडी सोडायचा. विमानाच्या बाबतीत असं कोणी विचारत नाही, पण हात थांबत नाही.

त्या वहीचं एखादं पान बघा. खानापूर, दिल्ली, गोव्याहून गेला. शहापूर, सुरत, पुण्यापर्यंत बस आणि पुढं रेल्वे. कॅम्प, लखनौ, सुट्टीवर निघालेला जवान, हुबळीहून. चंदगड, मुंबई, गाडी करून मोप्याला, म्हणजे गोव्याच्या नव्या विमानतळावर. वडगाव, दुबई, मोपा. अनगोळ, बंगळूर, सांबऱ्याहून जाणार होता पण वेळ जमेना, म्हणून रात्रीची बस.

आता विमान कंपनीच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला यातलं काय दिसतं? खानापूरचा माणूस गोव्याहून दिल्लीला गेला की तो गोव्याच्या खात्यावर चढतो. कॅम्पातला जवान हुबळीच्या खात्यावर. तिकिटात कुठून उडाला ते असतं, कुठल्या गल्लीतून निघाला ते नसतं. म्हणजे आम्ही बेळगावकर भरपूर फिरतो, पण फिरताना बेळगावकर म्हणून कोणाच्या मोजणीत येत नाही. पुढच्या वेळी तोच माणूस नकाशासमोर बसतो आणि म्हणतो, बेळगावला मागणी कुठं आहे? त्याचं तरी काय चुकलं?

मोपा सुरू झाल्यापासून हे जास्तच वाढलंय. जानेवारी २०२३ मध्ये तिथून विमानं उडायला लागली आणि चोर्ला घाटातनं गाडी हाकणाऱ्यांना आणखी एक दार उघडलं. वर कोल्हापूरचं उजळाईवाडी, खाली हुबळी, पश्चिमेला गोव्याची दोन. चारी बाजूंनी विमानतळ आणि मधे आम्ही. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "अक्का, गोव्यातनं बघा की, स्वस्त पडतंय." मी बघते. तिकीट खरंच स्वस्त निघतं. मग मी त्याच्यासमोर कागदावर गाडीचं भाडं, घाटात लागणारा वेळ, चौघं जात असतील तर किती, एकटा असेल तर किती, ते मांडते. एकट्या माणसाला बहुतेक वेळा सांबराच परवडतं. कुटुंब असलं की गोवा जिंकतो, आणि त्या बापाला मी सांबऱ्याहून जा म्हणून सांगणार नाही. गावाच्या विमानतळासाठी त्यानं खिशातले चार-पाच हजार घालावेत असं म्हणणं सोपं आहे, दुसऱ्याच्या खिशाबद्दल बोलताना सगळंच सोपं असतं.

"हुबळीवाल्यांनी आमचं विमान पळवलं" हे वाक्य माझ्या दुकानात इतक्यांदा ऐकलंय की त्याचं मला पाठांतर झालंय. त्यात अर्धं खरं आहे. सांबऱ्याची धावपट्टी जुनी, १९४२ ची, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी केलेली. ती वाढवून २३०० मीटर झाली, सप्टेंबर २०१७ मध्ये नवं टर्मिनल उघडलं, आणि वर्ष व्हायच्या आत, २०१८ मध्ये, इथल्या फेऱ्या हुबळीला गेल्या. नवी कोरी इमारत आणि आत चिटपाखरू नाही. कारण काय, तर लहान गावांना विमानानं जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेत हुबळीचं नाव आधी आलं आणि आमचं आलं नव्हतं. उडानमध्ये कंपनीला तोटा भरून मिळतो, मग ती तिकडं जाणारच.

त्या वेळी गावानं जो रेटा लावला त्याला मी नावं ठेवणार नाही. व्यापारी, उद्योजक, वकील, मराठी-कन्नड सगळे एकत्र आले, दिल्लीपर्यंत धडक मारली. जानेवारी २०१९ मध्ये उडानच्या तिसऱ्या फेरीत बेळगावचं नाव लागलं आणि एकदम तेरा मार्ग पदरात पडले. म्हणजे निवेदनानं काम होतं. पण कुठलं काम होतं तेही बघायला हवं. निवेदनानं सबसिडी आली. खुर्च्या भरल्या त्या निवेदनानं नव्हे.

उडानचा हिशेब आमच्या लोकांना कोणी समजावून सांगितला नाही, म्हणून मीच गिऱ्हाइकांना सांगत बसते. विमानातल्या निम्म्या जागा ठरलेल्या दरानं द्यायच्या. योजना आली तेव्हा तासाभराच्या, सुमारे पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला अडीच हजार रुपये असा तो दर होता. त्यामुळं कंपनीला जी तूट येईल ती सरकार भरणार, त्यातला मोठा वाटा केंद्राचा आणि थोडा राज्याचा. इंधनावरचा कर राज्यानं एक टक्क्यावर आणायचा. आणि ही तुटीची भरपाई तीनच वर्षं. तीन वर्षांनी कंपनीनं आपल्या पायावर उभं राहायचं. या "तीन वर्षं"कडं कोणाचं लक्षच गेलं नाही. तेरा मार्ग मिळाले म्हणून आम्ही पेढे वाटले, आणि ती मुदत संपत आली तशा फेऱ्या एकेक करून गळायला लागल्या तेव्हा पुन्हा कोणीतरी पळवलं म्हणून शोधायला लागलो.

हे फक्त बेळगावचं नाही. कॅगचा २०२३ चा अहवाल आहे. देशभरात उडानमध्ये ७७४ मार्ग दिले, त्यातले ४०३ कधी सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातल्या ११२ नी तीन वर्षं पुरी केली. आणि सबसिडी संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिले ते ५४. हे आकडे मी एका छोट्या बैठकीत वाचून दाखवले तेव्हा एक जण म्हणाले, "म्हणजे आमचं नशीब इतरांपेक्षा बरं की." बरंच म्हणायचं. २०२३ च्या ऑक्टोबरपासून दिल्लीचं थेट मोठं विमान आलं, तेव्हा माझ्या वहीतल्या कॅम्पातल्या आणि सांबऱ्याच्या एअरफोर्समधल्या पोरांची हुबळी एकदम कमी झाली. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथं, हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र इथं, सुट्टीवर उत्तरेकडं जाणारी पोरं बाराही महिने. ही मागणी काही नव्यानं जन्माला आली नव्हती.

मार्ग बघून गाव ओळखता येतं. सांबऱ्याहून सुरत सुरू झालं तेव्हा बाहेरच्यांना नवल वाटलं, आम्हाला नाही. शहापूर-खडेबाजारातल्या कापडवाल्यांचं अर्धं आयुष्य सुरतेच्या मार्केटात जातं. किशनगड आणि जोधपूर का? तर इथले मारवाडी व्यापारी, लग्नसराईला अख्खं कुटुंब गावी. तिरुपती का, ते सांगायलाच नको. ज्यानं हे मार्ग मागून घेतले त्याला गाव कळत होतं. गाव कोणालाही कळेल, पण ते कागदावर उतरवून समोर ठेवावं लागतं.

माझा पुतण्या अमेरिकेत आहे, त्याच्याशी फोनवर एकदा हा विषय निघाला. तिकडं म्हणे १९७८ मध्ये सरकारनं विमान कंपन्यांवरचं नियंत्रण काढून घेतलं, कुठं उडायचं आणि काय भाडं लावायचं ते कंपन्यांवर सोडलं. लहान गावांची विमानं बंद पडू नयेत म्हणून वेगळी योजनाही काढावी लागली. तरीसुद्धा जिथं भाडी महाग राहिली तिथले लोक दोन-तीन तास गाडी चालवून मोठ्या शहरातून उडायला लागले, अगदी आमच्यासारखे. मग गावांनी हातपाय हलवले. कॅन्सस राज्यात विचिटा नावाचं शहर आहे, विमानं बनवणारं, आणि तिथल्याच लोकांना विमानाचं भाडं परवडेना. २००२ मध्ये तिथल्या नगरपालिकेनं एअरट्रान कंपनीला उत्पन्नाची हमी दिली आणि आणलं. दुसरीकडं काही गावांतल्या कंपन्या मिळून पैसे आगाऊ जमा करतात, त्याला ट्रॅव्हल बँक म्हणतात. विमान सुरू झालं की त्याच पैशातून आपापली तिकिटं काढायची. म्हणजे देणगी नव्हे, प्रवास करणारच होता तो आधी कबूल करायचा. लांब कशाला, कोचीनं तर १९९९ मध्ये विमानतळच लोकांकडून आणि परदेशी राहणाऱ्या मल्याळींकडून भागभांडवल गोळा करून उभा केला.

आमच्या पालिकेनं विमानाला हमी द्यावी असं मी म्हणणार नाही. आधी दुसऱ्या गेटाजवळचे खड्डे बुजवू देत. पण उद्यमबागेतले फौंड्रीवाले, हत्तरगीकडं विमानाचे सुटे भाग बनवणारे, दवाखाने, कॉलेजं, यांची माणसं दर महिन्याला कुठं जातात याची एक यादी निघायला काय हरकत आहे? पैसे नकोत, नुसती यादी.

ही गोष्ट मी त्या बैठकीत मांडली. बैठक एका मंगल कार्यालयाच्या वरच्या खोलीत, लग्नाच्या खुर्च्या, खाली कोणाच्या तरी मुंजीच्या पंगती बसलेल्या. भाषणं झाली. एका वयस्कर वकिलांनी मधेच उठून विचारलं, "गेल्या महिन्यात विमानानं कोण कोण गेलं?" बरेच हात वर. "त्यातलं सांबऱ्याहून कोण?" हात खाली यायला लागले, आणि जे वर राहिले त्यातल्या एकानं हळूच सांगितलं, "मी येताना सांबरा, जाताना गोवा." हशा पिकला. मग खरी चर्चा झाली, भाषणांपेक्षा बरी.

त्या चर्चेत जे निघालं ते मला दुकानात रोज दिसतं. भाडं हा दुसरा मुद्दा, पहिला मुद्दा वेळ. उद्यमबागेतल्या कारखानदाराला बंगळूरला एका मीटिंगसाठी जायचंय. सकाळी जाऊन रात्री परत येता आलं तर तो दोन हजार जास्त देईल, मुकाट्यानं. पण विमान दुपारी दीडला असेल तर त्याचा तो दिवस गेला, रात्री हॉटेल, दुसरा दिवसही गेला. त्यापेक्षा तो रात्री नऊच्या स्लीपर बसमध्ये झोपतो, सकाळी पोचतो, काम करतो आणि पुन्हा रात्री बस. आता तर वंदे भारतही बेळगावपर्यंत आलीय. म्हणून दुपारचं विमान रिकामं जातं, आणि रिकामं जातं म्हणून बंद होतं, आणि मग पेपरात येतं की बेळगावला प्रवासी नाहीत. प्रवासी बसमध्ये घोरत असतो.

सकाळचं विमान का मिळत नाही, याचंही कारण आहे. सकाळी लवकर इथून सुटायचं तर विमान रात्री इथंच मुक्कामाला हवं, नाहीतर ते पहाटे दुसरीकडून यायला हवं. मुक्काम म्हटला की वैमानिकांची राहायची सोय, विमान उभं करायला जागा. पहाटे म्हटलं की विमानतळ तेवढ्या लवकर उघडायला हवा. अग्निशमन, सुरक्षा, नियंत्रण कक्ष, सगळ्यांची पाळी त्याप्रमाणे. याला वॉच अवर्स म्हणतात. आणि मुंबईचं म्हणाल तर तिथं उतरायला जागाच मिळत नाही. सकाळची वेळ म्हणजे सोनं, ती मोठ्या शहरांच्या फेऱ्यांनी आधीच धरून ठेवलेली. तेव्हा "मुंबईचं विमान द्या" एवढं निवेदन पुरत नाही. किती वाजता, कुठल्या वारी, परत कधी, हे सांगावं लागतं. तेही वेळेत. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं आणि हिवाळी ऑक्टोबरच्या. आम्ही फेरी बंद झाल्यावर नोव्हेंबरात जागे होतो, तेव्हा तिकडं विमानं वाटून झालेली असतात.

डिसेंबरात मात्र मजा असते. इथल्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की बंगळूरचं विमान ओसंडून वाहतं. आमदार, अधिकारी, पत्रकार, सगळ्यांनाच तीच वेळ. भाडं असं चढतं की माझं नेहमीचं गिऱ्हाईक तिकीट बघून पाणी मागतं. दोन आठवड्यांनी अधिवेशन उठतं आणि पुन्हा शांत. तेवढे दिवस जरा कोणी बाकीच्या साडेअकरा महिन्यांबद्दल बोललं असतं तर.

सीमेचा विषय काढल्याशिवाय बेळगावात काहीच पुरं होत नाही, विमानाचंही नाही. मुंबई-पुण्याचं विमान मागितलं की ती मराठ्यांची मागणी, बंगळूरचं मागितलं की कन्नडिगांची. माझ्या वहीत जात-भाषा नाही, पण दुकानात बोलणं ऐकू येतं. टाटा रुग्णालयात आईला घेऊन मुंबईला निघालेला बैलहोंगलचा माणूस माझ्याशी कन्नडात बोलला. बंगळूरला आयटीत पोरगी आहे म्हणून महिन्याआड जाणारे काका वडगावचे, घरात मराठीशिवाय शब्द नाही. फौंड्रीतलं कास्टिंग पुण्याला जातं ते मालकाची मातृभाषा विचारून जात नाही. चळवळीत मी लहानपणापासून आहे, माझ्या वडिलांनी सत्याग्रहात मार खाल्लाय, सीमाप्रश्न मला कोणी शिकवू नये. पण विमानाच्या यादीत तो आणला की दोन्हीकडच्या यादीत नावं निम्मी होतात.

उलट सीमेमुळंच आमचा विमानतळ मोठा आहे. चंदगडचा माणूस महाराष्ट्रातला, त्याचा जिल्हा कोल्हापूर. पण उजळाईवाडी त्याला लांब पडते आणि बेळगाव जवळ. शिनोळीच्या फाट्यावर राज्य बदलतं, गाडीला ते कळतही नाही. तिथले काजूवाले, शिनोळीच्या वसाहतीतले कारखानदार, आजरा-गडहिंग्लजचा काही भाग, हे सगळे आमचे होऊ शकतात. निपाणी मात्र कोल्हापूरलाच जाणार, तिच्याकडं उगाच डोळे लावू नयेत. बेळगावची मागणी मोजताना आजपर्यंत कोणी चंदगडला विचारलेलं मी ऐकलं नाही, कारण निवेदनाचा कागद नेहमी एकाच राज्यातल्या माणसासाठी लिहिलेला असतो.

आणि गावातलं शेवटचं अंतर. सांबरा शहरापासून दहा किलोमीटर, पण पश्चिमेकडून येणाऱ्याला अख्खं बेळगाव ओलांडून बागलकोट रोडला लागायचं. रिक्षावाला परतीचं भाडं मागतो. "तिकडनं रिकामं येऊलालोय म्हणून घेतोय अक्का," असं तो मला समजावतो, आणि त्याचंही खरं आहे. विमानाच्या वेळेला जोडून एक बस सुटली तरी निम्मं भांडण मिटेल. मार्च २०२४ मध्ये आणखी मोठ्या टर्मिनलची पायाभरणी झाली. इमारत होईल. त्या इमारतीसाठी, धावपट्टीसाठी ज्यांची शेतं गेली त्या सांबऱ्या-बाळेकुंद्रीकडच्या लोकांपैकी किती जण कधी विमानात बसले, तोही एक रकाना वहीत घालावा असं मला कधीकधी वाटतं.

सध्या चाललंय ते असं. टिळकवाडी, खडेबाजार आणि कॅम्पातले आम्ही काही बुकिंगवाले एकाच नमुन्याच्या वहीत नोंदी करतोय. फौंड्रीवाल्यांपैकी काहींनी आपल्या माणसांच्या दौऱ्यांची यादी दिलीय, कुठल्या वारी आणि किती वाजता परतायचं असतं त्यासकट. दोन कॉलेजांनी बघतो म्हणून सांगितलंय, म्हणजे बघणार नाहीत; तिथं मी पुन्हा जाणार आहे. चंदगडकडची जबाबदारी एका काजू कारखान्याच्या मॅनेजरनं घेतलीय. हिवाळी वेळापत्रक ठरायच्या आत, म्हणजे पावसाळा ऐन भरात असतानाच हे सगळं एका कागदावर यायला हवं. तुम्ही बेळगाव, खानापूर, चंदगड भागातले असाल आणि गेल्या वर्षात विमानानं कुठंही गेला असाल, तर दुकानात येऊन पाच गोष्टी सांगा: गाव, कुठं गेलात, कुठून उडालात, सांबरा का टाळलात, किती वाजताचं विमान असतं तर टाळलं नसतं. तिकीट माझ्याकडूनच काढायला पाहिजे असं नाही. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं, तेवढं सोडून कधीही या.